कार्ड नवीन आहे, मग १० ग्रेड का येत नाही? कार्डांच्या धंद्यात उतरण्याआधी हा हिशोब करा



बदलापूरच्या बॅचला अंबरनाथचा एक मुलगा आला होता. हातात बुटाचा खोका, खोक्यात पोकेमॉनची वीस कार्डं. म्हणाला, "सर, सगळी पॅकमधून काढलीत, कुणाचा हात लागलेला नाही. अमेरिकेला ग्रेडिंगला पाठवतो, सगळ्यांना १० येईल, मग पाचपट भावाने विकतो." त्याच्या आईने बचत गटातून चाळीस हजार उचलून द्यायची तयारी दाखवली होती.

मी म्हटलं, पैसे उचलायच्या आधी एक वही आणि एक भिंग घेऊन बस. त्या दिवशी आम्ही जे केलं, तेच आज तुमच्यासाठी लिहितोय.

ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय?

अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना होता. कारखाना गेला, विम्को नाका हे नाव राहिलं. आपल्या आधीच्या पिढीने काडेपेटीचे छाप जमवले, खेळात जिंकले, हरले. तेव्हाही फाटका छाप आणि कोरा छाप यांची किंमत वेगळी होती. फक्त ती आपण आपसात भांडून ठरवायचो.

आज तेच काम कंपन्या करतात. अमेरिकेतली पीएसए १९९१ पासून हे करते. बेकेट, सीजीसी याही आहेत. तुम्ही कार्ड पाठवायचं, ते तपासतात, १ ते १० मध्ये ग्रेड देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात. १० म्हणजे 'जेम मिंट', ९ म्हणजे 'मिंट'. अंतर एका आकड्याचं, पण भावात कधी दुप्पट तर कधी त्याहून जास्त फरक पडतो.

युट्यूबर लोगन पॉलने ५२ लाख ७५ हजार डॉलरला घेतलेलं पिकाचूचं कार्ड २०२२ मध्ये गळ्यात घालून रेसलमेनियात मिरवलं. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. पण त्या कार्डाच्या मोजक्या प्रतींपैकी तेव्हा पीएसएचा १० एकाच प्रतीला होता, हे किती जणांनी लक्षात घेतलं?

नवीन कार्ड मार का खातं?

बँकेतून नोटांचं कोरं बंडल आणा. नीट बघा. एखादीची कड किंचित दबलेली, एखादीची छपाई एका बाजूला सरकलेली. वापरली कुणीच नाही, तरी सगळ्या सारख्या नाहीत. कार्डांचंही तसंच. चार गोष्टी तपासल्या जातात:

१. सेंटरिंग. चित्र बरोबर मध्यभागी आहे का? पीएसएच्या १० साठी पुढच्या बाजूला साधारण ५५/४५ पर्यंतच सूट आहे, मागे ७५/२५. पोकेमॉनचं कार्ड ६३ मिलिमीटर रुंद असतं. समजा डावी-उजवी किनार मिळून ६ मिलिमीटर आहे. मग एक बाजू ३.३ आणि दुसरी २.७ इथे हद्द संपली. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या फरकात खेळ खल्लास! आणि ही चूक कारखान्यात कापतानाच झालेली असते. तुम्ही कितीही जपा, ती सुधारत नाही.

२. कोपरे. चारही टोकदार हवेत. भिंगाखाली पांढरा ठिपका दिसला की १० विसरा.

३. कडा. कापणाऱ्या पात्याची धार गेलेली असेल तर कडेला पांढरे तंतू दिसतात. गडद रंगाच्या पाठीवर ते लगेच उठून दिसतात.

४. पृष्ठभाग. छपाईची रेघ, बारीक ओरखडा, बोटाचा ठसा, दाबाची खूण. चमकणाऱ्या फॉइल कार्डांवर हे सगळं जास्त दिसतं. कार्ड दिव्याखाली तिरपं धरून फिरवा, समोरून बघून कळत नाही.

एक जरी बाजू कमी पडली तरी १० हातातून जातो. तीन विषयांत पैकीच्या पैकी आणि चौथ्यात कमी, तर पहिला नंबर येत नाही ना? तसंच.

आपल्या हवेचाही हिशोब धरा

फॉइल कार्डात कागदावर धातूचा पातळ थर असतो. कागद ओल पितो, फॉइल पीत नाही. म्हणून कार्ड वाकतं. जुलैमध्ये बदलापूर-अंबरनाथला पापड सादळतात, तिथे कार्डाचं काय होत असेल? प्रत्येक कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग कडक कव्हरमध्ये, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आणि डबा तळमजल्याला जमिनीवर नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, ते आठवतंय ना?

आता पैशाचं बोलू

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सचा माल उचलणारा व्यापारी काय करतो? शंभर नगांत काही रिजेक्ट निघणार हे धरूनच तो भाव करतो. सगळा माल फ्रेश निघेल असं धरून कुणी पैसे मोजत नाही. आम्ही तसाच हिशोब मांडला. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

एक कार्ड २,००० ला घेतलं. ग्रेडिंगची फी, जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा, मधल्या माणसाचं कमिशन, परत येताना कस्टम, सगळं मिळून ३,५००. म्हणजे एक कार्ड पडलं ५,५०० ला, दहा कार्डं ५५,००० ला. विक्रीचा भाव समजा १० ला १४,०००, ९ ला ५,००० आणि ८ ला ३,०००.

- स्वप्नातला हिशोब: दहाही कार्डांना १०. विक्री १,४०,०००.
- बरा दिवस: दोन १०, पाच ९, तीन ८. विक्री ६२,०००. विक्रीचं दहा टक्के कमिशन ६,२०० गेलं. हातात नफा ८०० रुपये.
- एकच १० कमी आला तर: एक १०, सहा ९, तीन ८. विक्री ५३,०००, कमिशन ५,३००. तोटा ७,३००.

बघितलंत? एका कार्डाची ग्रेड एका आकड्याने घसरली आणि नफ्याचा तोटा झाला. तोवर पैसे अडकलेले, आणि बचत गटाचा हप्ता दर महिन्याला चालूच. बाजारात तुरी असताना घरात भांडण नको, म्हणून हा हिशोब आधी.

म्हणून हे पाच नियम

१. ९ ला तोटा होत असेल तर कार्ड पाठवू नका. ९ वर निदान खर्च निघाला पाहिजे. १० आला तर तो बोनस.

२. किती जणांना १० मिळाला ते बघा. कोणत्या कार्डाला कोणती ग्रेड किती वेळा दिली, हा आकडा पीएसए स्वतः जाहीर करते. पण लक्षात ठेवा, लोक निवडून चांगलीच कार्डं पाठवतात. न निवडता पाठवलीत तर तुमचं प्रमाण त्याहून कमीच येणार.

३. विकत घेताना फोटोवर जाऊ नका. चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो आणि तिरप्या उजेडातला व्हिडिओ मागा. जत्रेतली, स्टेशनबाहेरची सोनेरी चकचकीत कार्डं खेळायला ठीक, ग्रेडिंगला नाही. डबीतलं कार्ड घेत असाल तर त्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर तपासा.

४. कार्ड 'सुधारायला' जाऊ नका. कड कापणं, रंग भरणं, पॉलिश करणं ही फसवणूक आहे. पकडलं गेलं तर आकडाच मिळत नाही. पीएसएने सर्वात आधी ग्रेड केलेलं होनस वॅग्नरचं बेसबॉल कार्ड ८ ग्रेडचं होतं. त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, हे लिलाववाले बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. बावीस वर्षांनी का होईना, बाहेर आलंच.

५. कर्जाच्या पैशाने पहिली खेप नको. पहिली पाच कार्डं स्वतःच्या बचतीतून पाठवा. तुमची नजर किती बरोबर आहे ते कळेल. ती फी म्हणजे तुमची शिकवणी.

त्या मुलाचं काय झालं? वीस कार्डं भिंगाखाली गेली. अकरा सेंटरिंगमध्येच बाद झाली, चार कोपऱ्यांत, दोन ओरखड्यांमुळे. उरली तीन. बाकीची सतरा त्याने दोष स्पष्ट सांगून, ग्रेड न करताच विकायला काढली. आईला सांगितलं, पैसे उचलू नकोस. थोडा हिरमुसला, पण जाताना भिंग कुठे मिळेल ते विचारून गेला.

धंदा शिकायला सुरुवात झाली ती तिथे. आता तुमची पाळी. वही काढा, तुमच्या एका कार्डाचा १०, ९ आणि ८ असा तिन्ही भावांनी हिशोब मांडा, आणि ९ च्या रकान्यात काय उरतं ते कमेंटमध्ये लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!