जतच्या माळावर पिकअप टिकवायची कशी?

जत तालुक्यातील मालवाहतुकीचा मोठा भार आज पिकअप गाड्या उचलतात. माडग्याळी मेंढ्या, डाळिंब-द्राक्षांचे क्रेट, कडबा, भंगार आणि टंचाईच्या दिवसांत पाण्याच्या टाक्या, सर्व काही याच गाडीतून जाते. आपल्या समाजातील अनेक व्यापाऱ्यांची रोजी तिच्यावर आहे. तिची दुरुस्ती करणारे मिस्त्री, वेल्डर आणि पाटेवाले यांचेही पोट तिच्यावरच चालते.

ही गाडी डांबरी रस्त्यापेक्षा मळ्याच्या वाटेवर, मुरमात आणि ओढ्यात जास्त झिजते. बाजाराच्या दिवशी संख किंवा उमदीच्या बाजूला ती बंद पडली आणि हवा तो सुटा भाग जतमध्ये मिळाला नाही, तर मिरज-सांगली किंवा विजापूर गाठावे लागते. तोवर फळ उतरते, जनावर उन्हात तापते, गिऱ्हाईक दुसरीकडे जाते आणि गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून बिघाड झाल्यावर धावण्यापेक्षा तो कोठून येतो हे जाणून घेणे फायद्याचे आहे.

वजनाचा हिशेब

निम्म्या तक्रारींचे मूळ जादा वजनात सापडते. बाजारातील पिकअप साधारण १.३ ते १.७ टन पासिंगच्या असतात. वीस किलोचे ७५ क्रेट म्हणजे दीड टन झाले. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. दोन टाक्या भरल्या की कोणतीही पिकअप मर्यादेबाहेर गेली. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर गाडीला हेलकावे देते, ते वेगळेच.

यावर उपाय म्हणून अनेकजण पाट्यात दोन पाने वाढवून घेतात. त्याने गाडी बसत नाही, पण वजन सोसण्याची ताकद वाढत नाही. पाट्याचा मार चेसीवर, हौसिंगवर व व्हील बेअरिंगवर जातो आणि चेसीला तडा जातो. काही पिकअपच्या मागच्या ब्रेकला वजन पाहून जोर देणारा व्हॉल्व्ह असतो. पाटा उंच केला की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचा मागचा ब्रेक कमी लागतो. उतारावर हे जिवावर बेतू शकते. कायद्याचा दणका आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड सांगितला आहे.

पाटा बदलल्यावर शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालली की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. ते ढिले राहिले की सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल सरकतो.

धूळ, पाणी आणि ग्रीस

माळावरची बारीक धूळ इंजिनात गेली तर रिंगा व टर्बो दोन्ही खाते. एअर फिल्टर झटकताना हवेचा दाब कमी ठेवावा आणि हवा आतून बाहेर मारावी. कागदी फिल्टर डिझेलने कधीही धुऊ नये. फाटला तर बदलावा. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीचे क्लिप तपासावेत, कारण नवा फिल्टर बसवूनही ढिल्या क्लिपमधून धूळ आत जाते.

रेडिएटरच्या जाळीत धूळ व कुसळे अडकून इंजिन तापते. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेर, हलक्या पाण्याने धुवावी. आत बोअरचे क्षारयुक्त पाणी भरू नये, त्याने खडे साचतात. कूलंटच वापरावे. कॅनमधून डिझेल भरावे लागत असेल तर ते गाळून घ्यावे आणि डिझेल फिल्टरखालचा नट सैल करून साचलेले पाणी वरचेवर काढावे.

ओढ्यातून किंवा चिखलातून गाडी काढल्यावर शाफ्टचे क्रॉस व पाट्याच्या पिना जेथे निप्पल असेल तेथे ग्रीस मारावे. जुने, काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी. ब्रेक ओले असतील तर हळू चालवत दोन-चार वेळा दाबून सुकवावेत. चढावर हाफ-क्लचवर गाडी धरून ठेवण्याची सवय क्लच प्लेट जाळते.

जनावरांच्या व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेंढ्या-बकऱ्यांच्या मुतातील क्षार हौद्याचा पत्रा आणि खालची चेसी गंजवतो. बाजारातून परतल्यावर त्याच दिवशी हौदा वरून व खालून धुतला तर पत्रा बरीच वर्षे टिकतो.

नव्या गाड्यांची नवी तक्रार

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. यातील अनेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असते. ती गरम झाली की साचलेली काजळी जळून जाते. पण मळा ते गाव, गाव ते मळा अशा छोट्या, संथ फेऱ्यांत ती पुरेशी तापतच नाही, तुंबते आणि गाडीचा जोर जातो. दिवा लागला की कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे वागावे. बहुतेक वेळा विजापूर-गुहागर महामार्गासारख्या मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवल्यावर काम भागते. दिव्याकडे दुर्लक्ष केल्यास खर्च मोठा येतो. अशा गाडीत पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल घालावे. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला मानू नये, ते बेकायदा आहे.

एक वही ठेवा

ऑइल, फिल्टर, ग्रीस, पाटा, टायर यांची तारीख, किलोमीटर व खर्च एका वहीत लिहावा. धुळीच्या कामासाठी ऑइल व फिल्टर लवकर बदलावेत असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तकातही असते, पण ते पान फारसे कोणी उघडत नाही. गाडी भागीदारीत असेल तर देखभालीची रक्कम आधी बाजूला काढावी आणि मगच नफा वाटावा, म्हणजे इंजिन बसल्यावर भावाभावांत वाद होत नाहीत. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच.

मिस्त्री बंधूंनाही एक विनंती. गिऱ्हाईक जादा पान घालायला सांगेल तेव्हा त्याचा धोका त्याला स्पष्ट सांगा. गिऱ्हाईकाची गाडी ही तुमच्याकडची अमानत आहे. ती सुखरूप चालली तरच दोघांच्या कमाईत बरकत राहील.