वाढदिवसाची मोहीम

मुलाचा वाढदिवस जवळ आला की आईबापांच्या कपाळाला आठी पडते. केक हवा, फुगे हवेत, शिवाय येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात भेटवस्तू हवी! आमच्या परळच्या चाळीत एकदा शेजारचा सहा वर्षांचा मुलगा वाढदिवसाला आलाच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, "माझ्याकडे द्यायला काही नव्हतं." तेव्हापासून मनात येत राहिलं, की ज्यात कोणाला रिकाम्या हातांची लाज वाटणार नाही, असा वाढदिवस करता येईल का?

येतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांना शोधायला फार आवडतं. तेव्हा वाढदिवसाची एक मोहीमच काढावी. निमंत्रण देतानाच सांगावं, "भेट आणू नका. वाटेत जे सापडेल तीच भेट."

मुलं सहा ते आठच घ्यावीत, आणि दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस असावं. सकाळी घरी औक्षण करावं. प्रत्येकाला जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची शिवलेली वही, पेन्सिल, दोरीचा तुकडा आणि शिदोरी द्यावी. शिदोरीत गूळपोळी, केळं आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. ज्याचा वाढदिवस तो मोहिमेचा नायक. मात्र नायकाने सर्वांच्या शेवटी खायचं, हा नियम!

गिरगाव, लालबाग, दादर कुठूनही भायखळ्याची राणीची बाग गाठता येते. बुधवारी ती बंद असते, हे विसरू नका. शेजारीच १८७२ साली लोकांना खुलं झालेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात दगडी हत्ती उभा आहे. मूळचा हा घारापुरीचा. याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलता उचलता तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे १९१४ साली ते तुकडे जोडून त्याला पुन्हा उभं केलं. ही गोष्ट आधी सांगू नका. "याच्या अंगावर सांधे कुठे दिसतात, शोधा बरं," एवढंच म्हणा. मुलं शोधतील, मग आपणच विचारतील, "हा फुटला कसा?" तेव्हा सांगा. प्रश्न मुलाचा असला म्हणजे उत्तर त्याच्या ध्यानात राहतं.

बागेत गोरखचिंचेचं झाड पाहावं. ते मूळचं आफ्रिकेचं. त्याच्या बुंध्याला किती मुलांच्या हातांची कडी लागते, हे मोजावं. कैलासपतीच्या खोडालाच लागलेली तोफगोळ्यासारखी फळं पाहावीत, पण झाडाखाली उभं राहू नये. पान तोडायचं नाही; खाली पडलेलं तेवढंच वहीत ठेवायचं. दर थांब्यावर मुलं मोजायची. दोन तासांत परत फिरायचं, कारण दमलेलं मूल काही शोधत नाही, ते रडतं.

पावसाळ्यात वाढदिवस आला तर? चाळीच्या गॅलरीत खडूने सात बेटं काढा: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. मधली फरशी म्हणजे समुद्र. मुलांनी बेटावरून बेटावर उडी मारायची. अंतर जास्त झालं की जुन्या वर्तमानपत्राची घडी टाकून भराव घालायचा. खेळता खेळता मुलाला कळतं, की आपण उभे आहोत ती मुंबई माणसांनी खाड्या बुजवून जोडलेली आहे.

संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसावं. प्रत्येकाने आपली एकेक वस्तू पुढे ठेवून ती कुठे सापडली ते सांगावं. कोणाचं पीस, कोणाची बी, कोणाचं नुसतं चित्र. त्या सर्वांची एक वही करून नायकाला द्यावी. इथे कोणाची भेट महाग नाही, कोणाची स्वस्त नाही.

खेड्यातल्या शिक्षकबंधुभगिनींनो, तुम्हाला राणीची बाग लागत नाही. गावची वेस, देवळापुढची दीपमाळ, जुना वाडा, पिंपळाचा पार, कुंभाराचं चाक, एवढ्यांत पाच थांबे सहज होतात. विहीर आणि नदीचा डोह मात्र मोहिमेतून वगळा. एखाद्या आजोबांना पारावर बसवून ठेवा. गावाची जुनी हकीकत त्यांच्याइतकी चांगली कोण सांगणार? महिन्यात ज्यांचे वाढदिवस असतील त्या सर्वांची मिळून शाळेने एकच मोहीम काढावी. ज्याच्या घरी वाढदिवस कधी साजरा झाला नाही, असं मूलही मग त्या दिवशी नायक होईल.

आमच्या शेजारचा तो मुलगा पुढच्या मोहिमेला आला. त्याने मूठ उघडली, तर आत एक गुंज होती. लाल, वर काळा ठिपका! सगळी मुलं त्याच्याभोवती गोळा झाली होती. फक्त ती तोंडात घालायची नसते, विषारी असते, एवढं आम्ही सांगितलं आणि कागदात बांधून वर ठेवली.