दाजींचा ट्रक आणि रोजचा रस्ता

दसऱ्याला कोल्हापुरात दोन तऱ्हेची वाहनं बघायला मिळतात. सायंकाळी दसरा चौकात सीमोल्लंघनासाठी राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार येते. लोक माना उंचावून तिला बघतात, पोरं बापाच्या खांद्यावर चढतात. आणि त्याच दिवशी सकाळी गल्लोगल्ली ट्रक, टेंपो, ट्रॅक्टर धुऊन, झेंडूच्या माळा घालून, चाकाखाली लिंबू ठेवून उभे केलेले असतात. मेबॅकला दुसऱ्या दिवशी कुठं जायचं नसतं. ट्रकला पहाटे मार्केट यार्डात जायचं असतं.

जुनं वाहन जपायचं म्हणजे या दोहोंपैकी कसं जपायचं, हा प्रश्न आमच्या नात्यात गेल्या उन्हाळ्यापासून चालू आहे. वाहन आहे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, म्हणजे दाजींचं. १९७८ सालचा, पुढं लांब नाक असलेला टाटाचा १२१० ट्रक. कसबा बावड्यात त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये तो उभा आहे. दाजी ऐंशीच्या घरात गेले. भाचा शेती आणि रोपवाटिका बघतो. त्याच्या डोक्यात आलं की हा ट्रक नीट करून रोज वापरायचा. रोपं, खत, वैरण, कधी बाजारचा माल. आणि मी आयुष्यभर बँकेत वाहनकर्जाच्या फायली चाळल्या असल्यामुळं मला गाड्यांतलं कळतं, अशी घरात समजूत आहे. खरं म्हणजे बँकेच्या माणसाला गाडीतला घसारा कळतो, गाडी नव्हे. आमच्या हिशोबानं हा ट्रक कधीच शून्य किमतीचा झाला आहे.

‘कशाला तो खटारा, भंगारात द्या’ असं म्हणणारे घरात होतेच. तसं म्हणायला आता सरकारचंही बळ आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये देशात वाहनं मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या अवजड वाहनांच्या फिटनेस चाचणीचं शुल्क एकदम वाढलं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. हिशोब मांडला तर भंगारवाला बरोबर ठरतो.

पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा चारचाकी मोटारी दारात तरंगायच्या बेतात होत्या आणि हा ट्रक गुडघाभर पाण्यातून गल्लीतली म्हातारीकोतारी, गाभण म्हशी आणि वैरणीचे भारे काढत होता. बहिणीनं तेवढंच सांगितलं आणि भंगाराचा विषय त्या दिवशी संपला.

आता मोडायचा नाही म्हटल्यावर त्यात बदल काय करायचे? भाच्याची यादी लांब होती. एसी, गुबगुबीत सीट, नव्या गाडीचं इंजिन, पॉवर स्टेअरिंग, एलईडी दिवे, हौद्यात दोन्ही बाजूंना बाकडी टाकून वर छत, म्हणजे घरच्या मंडळींना जोतिबाला नेता येईल. कोल्हापूरचा माणूस हौसेला कमी पडत नाही. नादच खुळा! इथल्या रिक्षासुद्धा नवरीसारख्या नटतात. दाजींचं म्हणणं याच्या बरोबर उलट. ‘एक खिळा हलवायचा न्हाई. हाय तसा ऱ्हाऊ द्या.’

‘हाय तसा’ म्हणजे कसा, हे विचारल्यावर मात्र गोष्ट गुंतागुंतीची झाली.

थोडं मागं जायला हवं. टेल्कोनं जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १९५४ साली करार केला आणि त्याच वर्षी जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक बाहेर पडू लागले. करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा तीन टोकांचा तारा गेला आणि तिथं ‘टी’ हे अक्षर आलं. खेड्यापाड्यांत मात्र पुढं कित्येक वर्षं लोक त्याला ‘बेंझ’च म्हणत. १२१० मधले बारा म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि दहा म्हणजे सुमारे शंभर अश्वशक्ती. पण कारखान्यातून जे येई ते पूर्ण वाहन नसे. येई ती नुसती चासी: इंजिन, चाकं, स्टेअरिंग आणि पुढचं नाक. बसायला लाकडी खोकं. त्यावर बसून, डोक्याला फडकं बांधून, उन्हावाऱ्यात ड्रायव्हर ती चासी जमशेदपूरहून जवळपास दोन हजार किलोमीटर चालवत आणत. आजच्या पिढीला हे खोटं वाटेल.

केबिन आणि हौदा इथं बांधला जाई. दाजींच्या ट्रकची केबिन सागवानी आहे, वरून पत्रा मारलेली. दारावर वेलबुट्टी कोरलेली. ती बांधली जात असताना मी कॉलेजात होतो आणि रोज संध्याकाळी बघायला जायचो. फाळक्याची उंची किती, सीट किती मागं, टपावर ताडपत्री ठेवायला कठडा कसा, हे सगळं दाजी सुताराशेजारी उभं राहून ठरवत. म्हणजे ज्याला ते आज ‘मूळचं’ म्हणतात, ते त्यांनीच त्यांच्या सोयीनं करून घेतलेलं होतं. अर्धा ट्रक कंपनीचा, अर्धा गावच्या सुताराचा. हे ध्यानात आल्यावर माझ्यापुरता प्रश्न सुटत आला. कंपनीनं केलेल्या भागाला हात लावायचा नाही, फक्त तो धडधाकट करायचा. आणि गावानं केलेला भाग आजच्या गरजेप्रमाणं पुन्हा करायचा.

गंमत अशी की कायद्याचा कलही साधारण असाच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपुस्तकातली माहिती मूळ उत्पादकानं दिलेल्या वर्णनाहून वेगळी होईल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. रंग बदलणं, किरकोळ फिटिंग करणं वेगळं. चासी, इंजिन अशा मूळ गोष्टींत मनमानी चालणार नाही. त्यामुळं भाच्याच्या यादीतलं दुसऱ्या गाडीचं इंजिन तिथंच गळालं. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन तसं तक्रारीचं नव्हतंच. धूर थोडा जास्त, तो पंप आणि नोझल तपासल्यावर उतरला.

मग कुणीतरी ‘विंटेज’चा मुद्दा काढला. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली, ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट दिली. पण ती सोय खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहे, मालवाहू ट्रकसाठी नाही. आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे ती वाट मेबॅकची. आमची वाट पंचगंगेच्या पुलावरून यार्डाकडं.

ट्रक उद्यमनगरात नेला. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वदेशी कॅमेरा घडवला, त्या गावच्या मिस्त्रींना जुन्या यंत्राचं भय वाटत नाही. आमचे मिस्त्री पन्नाशीचे, मितभाषी. त्यांनी भाच्याची यादी हातात घेतली, वाचली, आणि घडी करून त्याच्या खिशात परत ठेवली. मग ट्रकखाली गेले. पाऊण तासानं बाहेर आल्यावर त्यांनी एसीचा विषय काढला नाही, ब्रेकचा काढला.

जुन्या व्यवस्थेत ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच. कुठंही नळी तडकली की चारी बाजूंचा जोर एकदम जातो. महिन्यातून दोनदा, ओळखीच्या रस्त्यानं, जुन्या ड्रायव्हरच्या हातात हे निभावतं. रोज सकाळी शाळेच्या वेळेत, मध्येच आडव्या येणाऱ्या दुचाकींच्या गर्दीत नाही. मिस्त्रींचा आग्रह पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे करण्याचा होता, म्हणजे एक गेला तरी दुसरा उरतो. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलची जुळणी वापरायची, पण आधी आरटीओत लेखी विचारून. लायनर, सिलिंडर, हँडब्रेक हे नव्यानं.

दुसरी गोष्ट कमान-पाट्यांची. ही आपल्यासारख्यांच्या ध्यानात येत नाही. ट्रकच्या मागच्या कमानी आठ-आठ टन पेलायला केलेल्या असतात. त्यावर चार क्रेट रोपं ठेवली तर गाडी दगडासारखी उडते, माणसाचा मणका बोलायला लागतो, आणि जोरात ब्रेक मारला तर हलकं मागचं अंग घसरतं. म्हणून रोज रिकामा किंवा अर्धा रिकामा ट्रक चालवणारे काही पाटे काढून टाकतात. पण मग एखाद्या दिवशी शेजारी म्हणतो, ‘तेवढी वीट आणून द्या,’ आणि कमी केलेल्या पाट्यांवर पूर्ण भार पडतो. नोंदणीपुस्तकात बारा टन लिहिलेलं आणि खाली पाटे सहा टनांचे! मिस्त्रींनी पाटे काढायला साफ नकार दिला. त्याऐवजी हौद्याच्या तळाशी कायमचं थोडं वजन बांधावं आणि सीटखाली स्प्रिंग द्यावी, असं सुचवलं. दाजी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

स्टेअरिंगवर वाद झाला नाही. दाजींच्या काळात जागेवर चाक वळवायला दोन माणसांचं बळ लागे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. पण भाच्याचा खांदा दुखावलेला आहे आणि गल्ल्या अरुंद झाल्या आहेत. पॉवर स्टेअरिंग आलं, तेही कंपनीच्याच पुढच्या मॉडेलचं आणि आरटीओच्या परवानगीनं.

एवढं ठरल्यावर मंडळी रंगाकडं वळणार, तेवढ्यात सूनबाईंनी विचारलं, ‘मामा, पट्टा कुठं बसवणार?’

तिचा मुलगा दुसरीत आहे. ट्रक रोज सुरू झाला की तो बापाशेजारी बसणार हे ठरलेलंच. भाचा म्हणाला, पट्टा बाजारात मिळतो, दोन बोल्ट मारले की झालं. ‘बोल्ट कशात मारणार? लाकडात?’

कुणाला उत्तर देता आलं नाही. सीटचा पट्टा म्हणजे कापडाची पट्टी नव्हे. झटका बसल्यावर माणसाचा सगळा भार ओढून धरणारी ती गोष्ट, आणि ती जिथं अडकवलेली असते ती जागा सुटली तर पट्टा असून नसल्यासारखाच. पन्नाशीकडं झुकलेल्या सागवानात मारलेला बोल्ट किती धरणार? तिनं पुढं सांगितलं, केबिनला आतून लोखंडी सांगाडा होत नाही आणि पट्टे त्या सांगाड्याला बसत नाहीत, तोवर पोरगं या गाडीत बसणार नाही. हौद्यातल्या बाकड्यांचं तर तिनं नावच काढू दिलं नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं कायद्यात बसत नाही, विमाही हात वर करतो, आणि लग्नाची वऱ्हाडं घेऊन उलटलेल्या ट्रकांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. महापुरातली गोष्ट वेगळी. तिथं जीव वाचवायचा असतो, जोतिबाला जायचं नसतं.

दाजी दोन दिवस गप्प होते. केबिन ही त्यांची. वेलबुट्टीच्या दारांना हात लागणार म्हणून त्यांना वाईट वाटणं मी समजू शकतो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः शेडमध्ये जाऊन दारांच्या बिजागऱ्यांना तेल सोडलं आणि मिस्त्रींना निरोप धाडला, ‘सांगाडा करा, दारं तेवढी माझीच बसवा.’ आता सांगाडा लोखंडी आणि त्यावर बाहेरून जुनी दारं, असा तोडगा निघाला आहे. एसी राहिला. नव्या अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये ऑक्टोबर २०२५ पासून तो सक्तीचा झाला, ही बातमी भाचा अधूनमधून ऐकवतो. दाजी म्हणतात, काच खाली करा.

माझ्या वाट्याला कागद आले. नोंदणीपुस्तकावर अजून कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा दिसत होता. कर्ज केव्हाच फिटलेलं, पण नमुना ३५ भरून तो उतरवण्याचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. अशी किती कुटुंबं असतील कोण जाणे. जुनं वाहन बाळगणाऱ्यांनी एकदा पुस्तक उघडून बघावं. तीन टनांवरच्या मालवाहू गाडीला स्वतःचाच माल न्यायचा असला तरी परमिट लागतं, तेही पाहिलं. आणि परवाना! नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहन चालवायची मुभा कायम केली, पण हा बारा टनांचा. भाच्याकडं परवाना मोटारीचा. सध्या तो पहाटे अवजड वाहनाच्या शिकवणीला जातो. दाजी कधीकधी सोबत जातात, खाली उतरून कडेला उभे राहतात आणि घरी आल्यावर गीअर कुठं चुकला ते सांगतात.

रंग विटकरी आणि नाक पिवळं, हे एकमतानं झालं. मागच्या फाळक्यावर काय लिहायचं यावर मात्र अडलं आहे. दाजींना जुनंच ‘हॉर्न ओके प्लीज’ हवं आहे, आणि ते महाराष्ट्रात २०१५ पासून लिहिता येत नाही. बहिणीला पोरांची नावं हवीत. पेंटर दोनदा डबे घेऊन आला आणि चहा पिऊन परत गेला.