नागपूरचा बैलबेडूक अंदमानात का नको?

पहिल्या दमदार पावसाने रामटेक-मौद्याकडच्या धानाच्या बांध्या भरल्या, की त्यांत पिवळेधमक बेडूक दिसू लागतात. गळ्याशी निळे फुगे फुगवून ओरडणारे हे नर म्हणजे भारतीय बैलबेडूक. एरवी हिरवट-तपकिरी दिसणारा हा धिप्पाड बेडूक कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतो आणि पावसात विणीसाठी बाहेर पडतो. शेतातले किडे तो फस्त करतो. साप आणि बगळे त्याच्यावर जगतात. त्याच्या तंगड्यांची परदेशी निर्यात इतकी वाढली, की १९८७ मध्ये भारताने ती बंदच केली. आपल्याकडे तो शेतकऱ्याचा मित्र आहे.

अंदमान बेटांवर मात्र हाच बेडूक घुसखोर ठरला आहे. तिथे स्थानिक जातींचे छोटे बेडूक राहतात. त्यांपैकी ‘मायक्रोहायला चक्रपाणी’ आणि ‘कलौला घोषी’ हे जगात फक्त अंदमानातच सापडतात. मुख्य भूमीवरून मत्स्यशेतीसाठी नेलेल्या मत्स्यबीजात मिसळून बैलबेडकाची पिल्ले बेटांवर पोहोचली, असे संशोधक मानतात.

खरे नुकसान पाण्यातच होते. बैलबेडकाची पिल्ले मांसाहारी असतात आणि इतर बेडकांची पिल्ले खातात. संशोधक नित्य प्रकाश मोहंती आणि जॉन मेझी यांनी या दोन्ही स्थानिक जातींची पिल्ले बैलबेडकाच्या पिल्लांसोबत वाढवून पाहिली, तेव्हा स्थानिक जातींचे एकही पिल्लू वाचले नाही. मोठा बैलबेडूकही किड्यांबरोबर लहान बेडूक आणि सरडे गिळतो. विदर्भातले बेडूक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या शेजारी वाढले. बेटावरच्या बेडकांना अशा शत्रूची ओळखच नव्हती. शिवाय समुद्राने वेढलेल्या बेटावरून पळून जायला दुसरी जागा नसते. मादागास्करमध्येही हा बेडूक माणसानेच पोहोचवला आहे.

यात दोष बेडकाचा नाही, त्याला भलत्या जागी नेणाऱ्या निष्काळजीपणाचा आहे. म्हणून मत्स्यबीज दुसऱ्या प्रदेशात पाठवताना त्यात बेडकाची पिल्ले नाहीत ना, हे डबे भरण्यापूर्वीच तपासायला हवे. एका तळ्यातला जीव हौसेने दुसऱ्या तळ्यात सोडू नका. आणि आपल्या गावशिवारात पावसाळी डबकी बुजवण्याआधी थांबा, कारण बैलबेडकाचे हक्काचे घर इथेच आहे.