मोबाइल ‘फुल्ल’ होतो तो कशानं?

गणेशोत्सवाला अजून अवकाश असतो, तेव्हाच परळच्या वर्कशॉपमधून मोठ्या मूर्ती बाहेर पडायला लागतात आणि लालबागच्या पुलाखाली वर धरलेल्या मोबाइलांचं रान माजतं. चिंचपोकळीच्या चिंतामणीचं आगमन असलं की रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि मूर्ती नेमकी समोर आली की कुणाकुणाच्या मोबाइलमध्येही नसते. ‘स्टोरेज फुल्ल’ची पाटी येते, शूटिंग थांबतं आणि ढोलाच्या गजरात तो बिचारा हाताला लागेल ते डिलीट करत सुटतो. बहुतेक वेळा नको तेच जातं.

मग सल्ले सुरू होतात. रॅम जास्तवाला घे. कार्ड टाक. क्लीनर ॲप टाक. मागची ॲप बंद करत जा. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कुठे ना कुठे खरा आहे. तो भलत्याच दुखण्यावर दिला जातो, एवढंच.

‘आठ जीबी रॅम आहे, तरी जागा कशी संपली?’

कारण रॅमचा आणि फोटोंच्या जागेचा संबंध नाही. लालबागच्या चाळीत वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागू नये. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि स्टोरेज म्हणजे पोटमाळा. ओटा मोठा असेल तर एका वेळी चार पदार्थ करता येतात, पण त्यामुळे माळ्यावरचा एक डबाही कमी होत नाही. फोन बंद केला की रॅम कोरी होते. स्टोरेजमधलं सामान वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहतं.

लक्षणंही निराळी. गाणं ऐकता ऐकता पेमेंटचं ॲप उघडलं, परत आलात आणि गाण्याचं ॲप पहिल्यापासून सुरू होतंय, तर रॅम कमी पडतेय. फोटो निघत नाही, व्हिडिओ उतरत नाही, अपडेट अडकलंय, तर स्टोरेज संपलंय. घोटाळा होतो तो एका ठिकाणी: स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन हँगसुद्धा होतो. स्टोरेजच्या चिपमध्ये जुन्यावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी अख्खा कप्पा पुसावा लागतो. मोकळे कप्पे उरले नाहीत की चिपला आतल्या आत सामान हलवत बसावं लागतं, आणि तेवढा वेळ आपण स्क्रीनवर बोट आपटत राहतो. दहा टक्के जागा मोकळी ठेवली तर हा त्रास बराच कमी होतो.

जाहिरातीतल्या ‘४ + ४ = ८ जीबी रॅम’चंही इथेच सांगून टाकतो. त्यातले दुसरे चार रॅम नसतात, स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. स्टोरेज रॅमच्या मानानं कितीतरी संथ. स्वस्त फोनमधली ईएमएमसी चिप सेकंदाला फार तर तीन-चारशे एमबी वाचते, रॅमचा हिशेब कित्येक जीबींत चालतो. त्यामुळे वेग दुप्पट होत नाहीच, उलट आधीच अपुऱ्या असलेल्या स्टोरेजमधले चार जीबी जातात. जागेची मारामार असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन ही सोय बंद करा.

‘१२८चा घेतला, १२८ मिळालेच नाहीत’

यात दुकानदाराचा दोष नाही. कंपनी हजारानं मोजते, म्हणजे १२८ जीबी म्हणजे १२८ अब्ज बाइट. तोच आकडा १,०२४च्या पटीत मोजला की ११९ येतो. त्यातून अँड्रॉइड स्वतः आणि कंपनीनं आधीच भरून दिलेली ॲप आपला वाटा काढून घेतात. नव्या एआयचाही वाटा आता आला: ॲपलनं आपल्या एआयसाठी आधी ४ जीबी मोकळे मागितले, काही महिन्यांत ७ मागितले.

‘ॲप फुगली म्हणून फोन भरला’

हा अर्धा खरा गैरसमज, म्हणून जरा सविस्तर.

ॲप फुगली आहेत यात वाद नाही. २००८ सालच्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये सगळी मिळून अंतर्गत जागा २५६ एमबी होती. गूगलच्या दुकानात एका ॲपची मर्यादा बरीच वर्षं ५० एमबी होती. २०१२मध्ये जोडफाइली देऊन ती ४ जीबीपर्यंत नेली, आणि २०१५मध्ये मूळ फाइलच १०० एमबीची करायला परवानगी मिळाली. जागा मिळाली की सामान वाढतंच. एकाच ॲपमध्ये खरेदी, पेमेंट, चॅट, व्हिडिओ सगळं कोंबायचं. प्रत्येक आकाराच्या स्क्रीनसाठी वेगळी चित्रं. जाहिरातींचा आणि ग्राहकावर नजर ठेवण्याचा इतरांचा तयार कोड आयता आत. शिवाय उतरवताना दिसतो तो आकडा दाबून बसवलेल्या फाइलीचा. फोनमध्ये आल्यावर ती उलगडते, फोन तिचा काही भाग आपल्या प्रोसेसरसाठी नव्यानं तयार करून ठेवतो, आणि ॲप बाहेर दिसलं त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊन बसतं.

२०१४च्या सप्टेंबरात गूगलनं अँड्रॉइड वन नावानं स्वस्त फोन सगळ्यांत आधी भारतात आणले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसचे. १ जीबी रॅम, ४ जीबी स्टोरेज. आजची चार-पाच नेहमीची ॲप बसवली की तो फोन संपला. अशा फोनवर ‘ॲप काढा’ हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. आपण आजही तोच सल्ला ६४ आणि १२८ जीबीच्या फोनला देत बसलोय.

आमच्या मंडळातल्या एका कार्यकर्त्याचा असाच ६४ जीबीचा फोन परवा हातात घेतला. पठ्ठ्यानं जागा करायची म्हणून रेल्वेचं ॲप काढलं होतं, बँकेचं काढलं होतं, मुलीच्या शाळेचंसुद्धा काढलं होतं. सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्या पानावर गेलो, ॲप आकारानं लावली, सगळ्यांत वर व्हॉट्सॲप. त्यावर टॅप केलं तर तीन ओळी: ॲप, डेटा आणि कॅशे. ॲपची ओळ काहीशे एमबींची. डेटाची ओळ वीस जीबींच्या वर! मंडळाचे दोन ग्रुप, चाळीचा एक, गावच्या वाडीचा एक, शाळेच्या मित्रांचा एक, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये त्याच आगमनाचे दहा कोनांतून काढलेले व्हिडिओ. काढून टाकलेली तिन्ही ॲप मिळून या ढिगाऱ्याच्या कोपऱ्यातही दिसली नसती.

हा ढिगारा कधीपासून साचायला लागला, याला एक तारीख देता येते. ५ सप्टेंबर २०१६ला जिओची सेवा सुरू झाली, त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. डेटा जवळजवळ फुकट झाला, फोनमधली जागा मात्र तेवढीच राहिली. २०१८च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं वेस्टर्न डिजिटल या स्टोरेज कंपनीचा आकडा छापला होता: भारतात तीन स्मार्टफोनवाल्यांपैकी एकाची जागा रोज संपते, अमेरिकेत दहांपैकी एकाची. त्याच बातमीत गूगलला सापडलेलं कारणही होतं, रोज सकाळी येणारी ‘गुड मॉर्निंग’ची चित्रं. फुलं, उगवता सूर्य, वाफाळता चहा. ती शोधून एका फटक्यात उडवण्याची सोय गूगलनं आपल्या फाइल्स ॲपमध्ये मुद्दाम केली. आपल्या ‘शुभ सकाळ’चा असा जागतिक गौरव दुसऱ्या कुणी केला नसेल.

दुसरा ढिगारा आपल्या स्वतःच्या कॅमेऱ्याचा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ॲपलनं हिशेबच लिहून ठेवलाय: १०८० पिक्सेल, सेकंदाला ३० फ्रेम, तर मिनिटाला ६० एमबी, ४के आणि ६० फ्रेम, तर मिनिटाला ४०० एमबी. म्हणजे आगमनाचं दहा मिनिटांचं शूटिंग एका सेटिंगवर ६०० एमबी आणि दुसऱ्यावर ४ जीबी, वर सांगितलेल्या अँड्रॉइड वनच्या अख्ख्या फोनाएवढं. आणि ते शेवटी जातं कुठे? स्टेटसवर, जिथे व्हॉट्सॲप त्याचा चोथा करूनच पुढे पाठवतं. टीव्हीवर लावून बघणार नसाल तर ४केचा सोस कशाला, असं माझं मत आहे.

‘गॅलरीत दिसत नाही, म्हणजे फोनमध्ये नाही’

ग्रुपचे फोटो गॅलरीत नकोत म्हणून पुष्कळ जण व्हॉट्सॲपमधलं ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करतात आणि जागा वाचली असं समजतात. त्यानं फाइली फक्त गॅलरीपासून लपतात. फोनमध्ये त्या येतच राहतात आणि जागाही तेवढीच खातात. बंद करायचं ते आपोआप डाउनलोड होणं, आणि ते मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तिन्ही ठिकाणी. पुष्कळांचं वाय-फायचं राहून जातं, मग घरी आल्या आल्या दिवसभराचे फॉरवर्ड धबाधबा उतरतात.

अँड्रॉइडवर आणखी दोन छुप्या जागा आहेत. गॅलरीतला व्हिडिओ आपण पाठवला की त्याची लहान केलेली एक प्रत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये बसते. मूळ व्हिडिओ गॅलरीत असतोच. आणि चॅटचा बॅकअप फोनमध्येच गेल्या सात दिवसांचा साठवलेला असतो. सफाईला मात्र फोल्डर उकरायची गरज नाही. व्हॉट्सॲपच्या स्टोरेज सेटिंगमध्ये ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात. त्या कार्यकर्त्याची निम्मी सफाई तिथेच, बाकड्यावर बसल्या बसल्या झाली.

‘सगळं क्लिअर करून टाक’

हा सल्ला धोक्याचा आहे, कारण ‘कॅशे’ आणि ‘डेटा’ अशी दोन बटणं शेजारी शेजारी असतात. कॅशे म्हणजे पुन्हा आणता येईल असा तात्पुरता साठा. तो पुसला तर नुकसान नाही, पण फायदाही चार दिवसांचा, कारण ॲप वापरलं की तो परत भरतो. डेटा पुसला की ॲप कोरं होतं. पेमेंटच्या ॲपचा डेटा उडवला तर पुन्हा नोंदणी करावी लागते. व्हॉट्सॲपचा उडवला आणि बॅकअप नसेल तर चॅट गेलं ते गेलंच. क्लीनर ॲप बहुतेक कॅशेच पुसतात, वर जाहिराती दाखवतात आणि स्वतःची जागा घेतात ती वेगळीच. ती नकोतच.

मागची ॲप सारखी वर सरकवून बंद करण्याचंही तसंच. त्यानं स्टोरेज एक बाइटही मोकळं होत नाही. रॅम लागली की कोणतं ॲप बाहेर काढायचं ते फोनची प्रणाली स्वतः ठरवते. आपण बंद केलेलं ॲप पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं, त्यात वेळ आणि बॅटरी दोन्ही जास्त जातात. २०१६मध्ये एका ग्राहकानं ॲपलला विचारलं होतं, तुम्ही स्वतः ॲप अशी बंद करता का आणि बॅटरीसाठी त्याची गरज आहे का? सॉफ्टवेअरचे प्रमुख क्रेग फेडरिगी यांचं उत्तर दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ होतं. एखादं ॲप अडकून बसलं तर ते एक बंद करावं.

‘गूगलवर आहे, आता फोनमधून उडवलं तरी चालेल’

फोटो नेमका कुठून उडवता यावर सगळं आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो निवडून साधं डिलीट केलं की तो फोनमधून जातो आणि गूगलवरूनही. फोनमधली प्रत तेवढी काढायची असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हे वेगळं बटण आहे; त्यानं बॅकअप झालेल्याच प्रती निघतात. डिलीट केल्यावरही जागा लगेच सुटेलच असं नाही. कचऱ्याच्या डब्यात बॅकअप झालेले फोटो ६० दिवस आणि न झालेले ३० दिवस पडून असतात. चुकून उडवलेलं आगमन तिथून परत मिळतं, हीच त्यातली चांगली बाजू.

आणि गूगलची जागा अमर्याद नाही. १ जून २०२१पासून नवे फोटो १५ जीबीच्या फुकट कोट्यात धरले जातात. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी यातून वगळलेला होता, २०२४पासून तोही यात आला. कोटा भरला की जीमेलवर पत्रं यायचीही थांबतात. नोकरीचा कॉल व्हिडिओंच्या ओझ्यापायी अडकावा, हे परवडणारं नाही.

‘दुकानात मेमरी वाढवून मिळते’

कॉम्प्युटरवरून ही समजूत आली. फोनची आणि टॅबची रॅम बोर्डावर झाळून पक्की बसवलेली असते, पुष्कळदा प्रोसेसरच्या डोक्यावरच. ती वाढत नाही. मुंबई महापालिकेनं २०१५मध्ये आपल्या शाळांतल्या आठवीच्या मुलांना टॅब दिले होते. त्या काळातला एखादा टॅब घरी असेल आणि ‘दुरुस्त करून पोराला देऊ’ असा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी अँड्रॉइड कोणतं आहे ते बघा. फार जुन्या अँड्रॉइडवर नवी ॲप उतरतच नाहीत, मग जागा कितीही असो.

कार्डाचा उपयोग आहे, पण फोटो, गाणी, व्हिडिओ यांच्यापुरता. २०१५च्या अँड्रॉइड ६मध्ये कार्डाला फोनच्याच स्टोरेजचा भाग करण्याची सोय आली, पण सॅमसंगसारख्या कंपन्यांनी ती दिली नाही, आणि आता पुष्कळ फोनांत कार्डाची खाचच नसते. फुटपाथवर २५६ जीबीचं कार्ड पडेल भावात मिळत असेल तर सावध राहा. खोट्या कार्डात आकडा मोठा लिहिलेला असतो आणि खरी जागा थोडी. ती भरली की पुढच्या फाइली बिघडतात किंवा जुन्यांवर लिहिल्या जातात, आणि कळतं ते व्हिडिओ उघडायला गेल्यावर. विकत घेतल्याबरोबर कार्ड एकदा काठोकाठ भरून सगळ्या फाइली उघडून बघाव्यात. चांगलं कार्डसुद्धा एखाद्या दिवशी न सांगता मरतं. म्हणून मंडळाची वर्षावर्षांची चित्रफीत कार्डावर टाकून फोन मोकळा करण्याआधी तिची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर पोचलीय ना ते तपासा, आणि ती डिस्क कार्यालयाच्या कपाटात ठेवणार असाल तर कार्ड दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असू द्या.