बुद्धिमान मोटारीची बखर

ज्या कथेचा नायक पहिल्याच भागात जगाच्या दृष्टीने मरण पावतो आणि परका चेहरा व परके नाव धारण करून पुन्हा उभा राहतो, त्या कथेत पूर्वायुष्याचा हिशेब अपुरा राहण्याचा धोका आरंभापासूनच असतो. २६ सप्टेंबर १९८२ रोजी अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली आणि चार हंगाम चालून १९८६ च्या एप्रिलमध्ये थांबलेली ‘नाइट रायडर’ ही मालिका या धोक्यातून सुटली नाही. तिच्या पूर्वकथेत फटी राहिल्या, दुवे तुटले, एका भागातील हकीगत दुसऱ्या भागाने रद्द केली. आणि तरीही बोलणाऱ्या काळ्या मोटारीची ही कथा लोकांच्या स्मरणातून गेली नाही. हे कसे घडले, याचा विचार कोणत्याही दीर्घ कथेच्या वाचकाला उपयोगी पडेल असा आहे.

कथेचे मूळ असे. मायकेल लाँग हा पोलीस गुप्तहेर लास व्हेगास येथील एका कामगिरीत विश्वासघाताने चेहऱ्यावर गोळी लागून पडतो. सैन्यातील जुन्या जखमेमुळे त्याच्या कवटीत बसविलेल्या धातूच्या पट्टीने गोळीचा मार्ग बदलतो आणि तो वाचतो. विल्टन नाइट हा मरणपंथाला लागलेला कोट्यधीश त्याच्यावर शस्त्रक्रिया करवून त्याला नवा चेहरा व ‘मायकेल नाइट’ हे नवे नाव देतो, आणि कायद्याच्या हाती न लागणाऱ्या गुन्हेगारांचा पाठलाग करण्यासाठी आपल्या संस्थेने सिद्ध केलेली किट नावाची मोटार त्याच्या स्वाधीन करतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा मायकेल लॅरी अँडरसन या नटाने उभा केला, पण त्याच्या मुखातून ऐकू येणारा आवाज मात्र नंतरच्या मायकेलचा, म्हणजे डेव्हिड हॅसलहॉफ यांचा होता. चेहरा बदलला तरी माणूस तोच आहे, हे प्रेक्षकाच्या कानाला पटावे एवढी दक्षता निर्मात्यांनी पहिल्याच दिवशी घेतली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. कारण पुढे ती दक्षता सर्वत्र टिकली नाही.

दुसऱ्या हंगामाचा आरंभ १९८३ च्या ऑक्टोबरात ‘गोलायथ’ या जोडभागाने झाला, आणि मालिकेच्या इतिहासात पहिला मोठा फेरफार झाला. विल्टन नाइटला गार्थ नावाचा एक दुराचारी पुत्र असून तो आफ्रिकेतील तुरुंगात जन्मठेप भोगत होता, आणि मायकेलला दिलेला चेहरा याच पुत्राच्या चेहऱ्याबरहुकूम घडविला होता, असे आता सांगण्यात आले. किटच्या अभेद्य आवरणाचेच सूत्र वापरून गार्थने एक प्रचंड मालमोटार सिद्ध केली होती, आणि गार्थची भूमिका दाढी लावून हॅसलहॉफ यांनीच केली. नाट्याच्या दृष्टीने ही कल्पना बलवत्तर होती. पित्याने टाकून दिलेल्या पुत्राचे रूप परक्याला बहाल करावे आणि त्या पुत्राने आपल्याच प्रतिमेचा सूड घ्यावा, यात शोकांतिकेचे बीज होते. परंतु ज्या माणसाची ओळख जगापासून लपवायची, त्याला एका धनाढ्य घराण्याच्या कुप्रसिद्ध वारसाचा चेहरा देण्यात कोणते शहाणपण होते, आणि पहिल्या हंगामातील एकाही व्यक्तीने तो चेहरा ओळखला कसा नाही, या प्रश्नांचे समाधान मालिकेने कधीच केले नाही. पहिला भाग लिहिताना गार्थ कोणाच्याही मनात नव्हता, हेच त्याचे साधे कारण दिसते.

‘कार’ या दुसऱ्या मोटारीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. ही किटच्या आधी घडविलेली, त्याच्यासारखीच दिसणारी मोटार. भेद एवढाच, की किटला मनुष्याच्या प्राणांचे रक्षण हे आद्य कर्तव्य म्हणून शिकविले होते, तर कारला स्वतःचे रक्षण. १९८२ च्या नोव्हेंबरात दाखविलेल्या भागात दोन भुरट्या चोरांच्या हातून ती जागी होते आणि अखेरीस समुद्रकाठच्या कड्यावर दोन्ही मोटारी समोरासमोर येतात. तो प्रसंग बारकाईने पाहण्याजोगा आहे. दोघांचे बळ सारखे आणि वेग सारखा, त्यामुळे शक्तीच्या जोरावर निकाल लागणे अशक्य. मायकेल किटला सरळ कारच्या अंगावर घालतो, कारण जिला स्वतःचा जीव सर्वांत प्यारा आहे ती मोटार शेवटच्या क्षणी बाजूला होणार, हे त्याने ओळखलेले असते. कार खरोखरच वळते आणि कड्यावरून खाली कोसळते. तिचा नाश तिच्या स्वभावानेच केला, असा हा निकाल आहे, आणि एका तासाच्या करमणुकीत इतका तर्कशुद्ध शेवट क्वचितच सापडतो.

१९८४ मध्ये तीच कार एका समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पुरलेली सापडते. कड्यावरून कोसळून नाश पावलेली मोटार शाबूत कशी राहिली, याचा पुरेसा खुलासा नाही. पूर्वी किटप्रमाणेच तांबडा असलेला तिच्या नाकावरील धावता दिवा आता पिवळसर झाला आहे. पूर्वी तिला पीटर कलन यांचा आवाज होता, आता पॉल फ्रीस यांचा आहे. दप्तरात नोंदवाव्यात अशा या तीन ठळक विसंगती. पण प्रेक्षकाने ही कार तीच म्हणून स्वीकारली, कारण तिची वृत्ती तीच होती: तीच आत्मनिष्ठा, माणसाला साधन समजणारी तीच निर्दयता, आणि त्यात भर पडलेली सूडाची इच्छा. तपशील बदलला होता, स्वभाव बदलला नव्हता.

लहानसहान तुटलेले दुवे तर पुष्कळच आहेत. मोटारीची देखभाल करणारी बॉनी बार्स्टो दुसऱ्या हंगामात दिसेनाशी होते, तिच्या जागी एप्रिल कर्टिस येते, आणि तिसऱ्या हंगामात बॉनी परतल्यावर एप्रिलचे नामनिशाण उरत नाही. दोघींपैकी एकीच्याही निरोपाचा प्रसंग प्रेक्षकांना दाखविलेला नाही. आरंभी किट बोलू लागला की एक तांबडा चौकोन लुकलुकत असे. पहिला हंगाम संपण्यापूर्वीच त्या ठिकाणी वर-खाली होणाऱ्या तीन दीप्तिरेषा आल्या. तिसऱ्या हंगामात चालकासमोरच्या दोन पडद्यांचा एकच पडदा झाला. आणि प्रत्येक भागाच्या प्रारंभी ऐकू येणारे निवेदन रिचर्ड बेसहार्ट यांच्या आवाजात असे. म्हणजे पहिल्याच भागात निधन पावलेल्या विल्टन नाइटचा आवाज चारही हंगाम कथेची प्रस्तावना करीत राहिला. यास मात्र विसंगती म्हणता येणार नाही. ज्याने हे कार्य सुरू केले त्याची वाणी त्या कार्यावर छत्र धरून आहे, असाच भाव तीतून उमटतो.

या फटी का राहिल्या, हे समजण्यासाठी त्या काळच्या अमेरिकन दूरचित्रवाणीची कार्यपद्धती ध्यानात घेतली पाहिजे. मालिकेचे जनक ग्लेन लार्सन असले तरी वर्षाकाठी वीसहून अधिक भाग निरनिराळ्या लेखकांच्या हातून तयार होत असत. प्रत्येक भाग आपल्या ठिकाणी पूर्ण असावा, अशी वाहिनीची अपेक्षा असे. कारण एका आठवड्याला चुकलेला प्रेक्षक पुढच्या आठवड्याला बुचकळ्यात पडू नये आणि पुढे स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी भाग विकताना ते कोणत्याही क्रमाने दाखविता यावेत, ही व्यापाराची निकड होती. ज्या व्यवस्थेत क्रमालाच किंमत नाही, तीत पूर्वेतिहासाचे दप्तर राखण्याचे काम कोण अंगावर घेणार? शिवाय दोन वर्षांपूर्वीचा दिवा तांबडा होता की पिवळा, हे ताडून पाहण्याची सोय बहुतेक घरांत नव्हती. आज सर्व भाग ओळीने, हवे तेव्हा, थांबवून पाहता येतात. म्हणून त्या वेळी चालून गेलेली चूक आज तत्काळ पकडली जाते.

आपल्याकडील बखरी वाचणाऱ्याला ही स्थिती अपरिचित वाटणार नाही. बखरकाराच्या मित्या चुकतात, सैन्याचे आकडे फुगतात, एकाच्या तोंडचे भाषण दुसऱ्याच्या तोंडी जाते; परंतु कोण शूर होता, कोण फितूर झाला आणि कोणी दिलेला शब्द पाळला, याविषयीची त्याची जाण बहुधा पक्की असते. दप्तराची सुसंगती आणि स्वभावाची सुसंगती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘नाइट रायडर’चे कर्ते पहिलीत हयगय करीत असले तरी दुसरीला जपत होते.

त्याचे उत्तम प्रमाण स्टीव्ही मेसनच्या कथेत मिळते. मायकेल लाँगची ही वाग्दत्त वधू प्रथम १९८३ मध्ये कथेत येते, १९८४ मध्ये पुन्हा भेटते आणि १९८६ मध्ये मायकेलशी विवाहाच्या प्रसंगीच मारली जाते; तिन्ही वेळा तीच अभिनेत्री, तीच जुनी ओढ, आणि मृत मानल्या गेलेल्या माणसाला आपले पूर्वीचे प्रेम परत मिळू शकत नाही हे तेच दुःख. किटविषयीही हेच म्हणता येईल. विल्यम डॅनियल्स यांनी श्रेयनामावलीत आपले नाव न देता, हॅसलहॉफ यांच्यापासून वेगळे बसून त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला. परंतु संयमी, काहीसा शिष्ट, मायकेलच्या उतावळेपणाला दटावणारा आणि प्रसंग येताच त्याच्यासाठी स्वतःला झोकून देणारा तो सहचर पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एकच राहिला. १९८५ मध्ये चौथ्या हंगामाच्या आरंभी शत्रूच्या अवजड यंत्राने किटचा चेंदामेंदा होतो, तेव्हा संस्थेची माणसे त्याला पुन्हा उभा करतात; कारण ते त्याला मालमत्ता नव्हे, आपला माणूस मानतात.

हे लक्षात ठेवून १९९१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ‘नाइट रायडर २०००’ या दूरचित्रवाणीपटाकडे पाहावे. मूळ मालिका समारोपाच्या भागाशिवायच बंद पडली होती, त्यामुळे तिला योग्य शेवट देण्याची संधी या चित्रपटाला होती. प्रत्यक्षात त्यात असे आढळते, की त्याच संस्थेने किटचे सुटे भाग करून ते विकून टाकले आहेत आणि त्याच्या स्मृतीची एक चकती एका पोलीस स्त्रीच्या मेंदूत बसविण्यात आली आहे. किटचे मन काही काळ मायकेलच्या १९५७ सालच्या जुन्या शेव्हरोलेत नांदते, आणि संस्थेचा आधारस्तंभ असलेला डेव्हन माइल्स या कथेतच प्राणास मुकतो. येथे एकाही तारखेचा घोळ नाही, दिव्याचा रंग चुकलेला नाही. पण सहा वर्षांपूर्वी ज्यांनी किटला जिवाच्या आकांताने वाचविले, त्यांनीच त्याचे तुकडे विकावेत, हे मनाला पटत नाही. ही विसंगती कड्यावरून कोसळलेल्या कारच्या पुनरागमनाहून कितीतरी मोठी आहे, कारण ती माणसांच्या अंतःकरणात पडलेली आहे.

२००८ मध्ये एनबीसीनेच मायकेलच्या माइक नावाच्या पुत्राला नायक करून नवी मालिका आणली. तीत किट फोर्ड मस्टँग झाला आणि त्याला व्हॅल किल्मर यांचा आवाज मिळाला. किटच्या निर्मितीचे श्रेय मूळ मालिकेत ज्याचे नावही आले नव्हते त्या चार्ल्स ग्रेमन या शास्त्रज्ञाकडे गेले, आणि १९९१ च्या घटना जणू घडल्याच नाहीत असे गृहीत धरले गेले. कारलाही नवा जन्म मिळाला. तिच्या आद्याक्षरी नावाचा विस्तार बदलला, ती यांत्रिक राक्षसाचे रूप घेऊ लागली, मात्र आवाज पुन्हा पीटर कलन यांचा झाला. जुन्या प्रेक्षकाला त्या आवाजाने जोडून घेतले, पण बाकीच्या बदलांनी मालिकेचा वारसा खरा की दिखाऊ याविषयी संशय उत्पन्न केला, आणि एकाच हंगामात ती आटोपली.

आज मोठ्या मालिकांचे लेखक पात्रांची जन्मवर्षे, नाती आणि पूर्वघटना यांचे टिपण तयार करूनच लेखनाला बसतात, ही स्वागतार्ह सुधारणा आहे, कारण प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीचा मान राखणे हे कथाकाराचे कर्तव्यच होय. परंतु टिपणात न मावणारे एक बंधनही त्याच्यावर असते. आपल्या पात्रांनी एकमेकांना कशासाठी जीव लावला, कोणते मोल कधी विकायचे नाही असे ठरविले, हे त्याने स्वतःच्या सोयीसाठी विसरता कामा नये. दिव्याचा रंग चुकला तर प्रेक्षक तो मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. निष्ठा चुकली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो, आणि तिथून त्या कथेवरचा त्याचा विश्वास उडतो.