पत्ती गवताची की प्लॅस्टिकची?

पुरुषोत्तमनगरच्या सातपुडा तापी परिसर साखर कारखान्याचा गळीत हंगाम आवरत येतो, तेव्हा शहादा-प्रकाशा पट्ट्यात लग्नसराईला जोर चढलेला असतो. पारा चाळिशीपार आणि वरात नेमकी उन्हात. बँडमधल्या क्लॅरोनेटवाल्याची खरी कसोटी तेव्हाच लागते. त्याच्या वाद्याचा सगळा जीव सातेक सेंटीमीटर लांबीच्या एका पत्तीत, म्हणजे रीडमध्ये असतो.

माउथपीसवर रीड घट्ट बसवून फुंक मारली की तिचं टोक माउथपीसचं तोंड झपाट्याने उघडत-मिटत राहतं. ४४० कंपनांचा स्वर वाजत असेल, तर सेकंदाला तितक्याच वेळा. हे टोक असतं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं पातळ. त्यात किंचितही फरक पडला की तो लगेच कानाला कळतो.

पारंपरिक रीड अरुंडो डोनॅक्स या उंच गवतापासून करतात. ऊस आणि बांबू याच गवतकुळातले. फ्रान्सच्या दक्षिणेकडचा व्हार हा प्रांत या पिकासाठी नावाजलेला. साधारण दोन वर्षांची ताटं कापून, उन्हात वाळवून, मुरवून मग त्यांच्या पत्त्या तासल्या जातात. पॅरिसमध्ये १९०५ साली सुरू झालेली व्हॅन्डोरेन कंपनी आजही याच गवतावर चालते. पण एक ताट दुसऱ्यासारखं नसतं. म्हणून दहाच्या पेटीतल्या तीन-चारच रीड मनासारख्या बोलतात, हे वाजवणाऱ्यांचं जुनं रडगाणं.

गवताच्या रीडला ओल लागते. वाजवण्याआधी ती तोंडात धरून भिजवतात. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला आत गेला, की बँड बाहेर उन्हात ताटकळतो. तेवढ्यात रीड वाळते आणि तिच्या पातळ टोकाला लाटा पडतात. मग पत्ती माउथपीसला नीट टेकत नाही, कडेने हवा निसटते. नवरदेव बाहेर येतो, ताशा कडाडतो आणि क्लॅरोनेट पहिल्याच सुराला चिरकतं. पावसाळ्यात याच्या उलट: हवेतली ओल पिऊन पत्ती फुगते आणि जड होते.

सिंथेटिक रीडने हे दुखणं मुळातूनच काढलं. प्लॅस्टिकच्या पत्त्या पूर्वीही होत्या, पण त्यांचा आवाज पत्र्यासारखा वाटे. १९९८ साली कॅनडात सुरू झालेल्या लेजेर कंपनीने पॉलिप्रॉपिलीन घेतलं. खताची विणलेली पोती ज्याची असतात, तेच हे प्लॅस्टिक. ते ताणून त्याचे रेणू एका दिशेत आणले, की पत्ती लांबीच्या दिशेने ताठ आणि आडवी लवचीक होते. भिजलेल्या गवताच्या तंतूंचा गुणही हाच. ही पत्ती भिजवावी लागत नाही. पेटीतून काढा, लावा, वाजवा.

मात्र एका सिंथेटिक रीडला साध्या दहाच्या पेटीएवढे पैसे पडतात. गवताची रीड जड वाटली तर पॉलिश पेपरने हलकेच घासून ती हलकी करता येते. इथे ती सोय नाही. नंबर, म्हणजे पत्तीचा कडकपणा, चुकला की पैसे पाण्यात. टोक टवकलं की पत्ती संपली. महिनोन्महिने वाजवून तीही हळूहळू मऊ पडते आणि तापल्यावर आणखी सैल होते. म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर ती ठेवू नये. काहींच्या ओठांना ती निसरडी लागते. ओठांच्या दाबाने सूर हळुवार ओढत मींड घेणाऱ्याला गवताच्या पत्तीतला गोडवा तिच्यात सापडेलच असं नाही.

पण रोज चार-पाच तास वाजवणाऱ्याच्या गवती पत्त्या सीझनमध्ये एकामागून एक निकामी होतात. शिवाय प्रत्येक नवी पत्ती तोंडात बसायला वेळ घेते, तो वेगळा. हा हिशेब मांडला की महागडी पत्ती महाग राहत नाही. उलट, महिन्यातून एखाद्या भजनाला वाजवणाऱ्याने तिच्यावर खर्च करायची गरज नाही.

विकत घेताना नेहमीच्या नंबरापेक्षा पाव नंबर हलकी पत्ती आधी वाजवून पाहावी. पाव-पाव नंबराच्या पायऱ्या सिंथेटिकमध्ये मिळतात. बसवताना तिचं टोक माउथपीसच्या टोकाशी जुळवून घ्यावं, कारण केसभर वर-खाली झाली तरी तिचा स्वभाव बदलतो. वाजवून झाल्यावर साध्या पाण्याने धुवावी. शक्य असेल तर दोन पत्त्या आलटून-पालटून वापराव्यात.

नैसर्गिक ते चांगलं आणि प्लॅस्टिक ते हलकं, हा वाद इथे गैरलागू आहे. बंद खोलीत, शांत बैठकीत गवताच्या पत्तीला तोड नाही. वरातीत मात्र सूर गोड असण्याआधी तो वेळेवर लागावा लागतो. बँडवाल्याला सुपारी मिळते ती त्याचीच.